गोंदाच्या टेबलावरचं बोलणं

"मामा, हळू सांगा," थोरली भाची म्हणाली. तिच्या मांडीवर पोरानं नुकतेच डोळे मिटले होते. "हा उठला तर त्यापेक्षा भूत परवडलं."

मामांनी आवाज खाली घेतला. धाकट्या भाच्यानं दिवा घालवला. ज्याच्या बाबतीत हे घडलं, तो मामांच्या रोजच्या उठण्याबसण्यातला माणूस होता, त्यामुळे खरं-खोटं विचारायची सोय नव्हती.

जानेवारीतला तिसरा शनिवार. रात्रीचे नऊ वाजून दहा मिनिटं. कानसेन पायांत चपला अडकवून गिटारची तार आणायला घरी निघाला.

कानसेन हे अर्थात टोपणनाव. धंदा वाद्यं विकायचा आणि दुरुस्तीचा. कान असे तिखट, की पलीकडच्या गल्लीत कुणी बेसूर शिट्टी मारली तरी याचं तोंड इकडे वाकडं होई. त्याचं दुकान म्हणजे एक वल्लीच होती. छताला वटवाघळांसारख्या उलट्या टांगलेल्या गिटारी, मोरीच्या दाराला पियानोचं झाकण, आणि सव्वीस खुर्च्या, त्यांतल्या कोणत्याही दोन सारख्या नाहीत. महिन्यातून एका शनिवारी त्या मांडायच्या. आधी कुणीतरी गायचं, मग कानसेनचा जिवाभावाचा दोस्त लोकांना विनोद सांगायचा. हा दोस्त दिवसा शाळेत गणित शिकवी, म्हणून मास्तर. स्टेज म्हणजे दुकानाची काचेची खिडकी. मास्तर रस्त्याकडे पाठ करून तिच्यात उभा राही. बाहेरून जाणाऱ्याला वाटे, हाही विकायला ठेवलाय.

विनोद शिजत ते मागच्या खोलीत. तिथे एक गोंदाचं टेबल होतं. फुटक्या व्हायोलिनला गोंद लावून आवळून ठेवलं, की तो वाळेपर्यंत कानसेनचे हात रिकामे. तेवढ्या वेळात मास्तर त्याला नवा माल ऐकवी. कानसेनला हसू आलं तर तो विनोद खिडकीत जाई. आणि कानसेन स्वतःच्या घरचं काही बोलला, तर ते टेबलावरच राही. "हे सांग" असं कानसेननं तोंडानं म्हटल्याशिवाय मास्तरनं ते बाहेर न्यायचं नाही, हा दोघांचा करार. बायको गेली त्या वर्षी कानसेन त्या टेबलाशी ढसाढसा रडला होता. मास्तरनं त्यातलं अक्षर खिडकीत नेलं नाही.

"असा दोस्त मिळायला भाग्य लागतं," धाकटा म्हणाला.

"ऐक तरी," मामा म्हणाले.

तर त्या शनिवारी मध्यंतरात गाणाऱ्या मुलीच्या गिटारची तार तुटली. वाद्यांच्या दुकानात नेमकी तीच तार संपलेली. एक पुडकं घरी होतं. जाऊन-येऊन पंचवीस मिनिटं गेली. परतल्यावर त्यानं तार चढवली, मुलीनं उरलेलं गाणं म्हटलं, आणि मास्तर खिडकीत चढला. कानसेन मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला. तिसऱ्या रांगेत त्याची लेक होती. आई गेल्यापासून बापाला जेवलात का म्हणून दिवसातून दोनदा फोन करणारी.

"माझा एक मित्र आहे," मास्तर म्हणाला. "कान बघा केवढे." सगळे वळून हसले. कानसेननंही हात वर केला.

"त्याची बायको तापानं फणफणलेली. शेवटची रात्र. ती आतून हाक मारते, अहो. हा बाहेर जिन्यात बसलेला. पुन्हा हाक, अहो. याला वाटतं, ही जरा कोमल लागली."

लोक हसले.

"अकरा हाका मारल्या तिनं. यानं मोजल्या. उठला मात्र नाही. आणि सकाळी सगळ्यांना सांगितलं, तिचा हात शेवटपर्यंत माझ्या हातात होता."

हसू सवयीनं फुटलं. मग विरळ झालं. मग एका खुर्चीचं करकरणं तेवढं उरलं.

कानसेनचा वर केलेला हात खाली आला. कारण शब्दन् शब्द खरा होता. त्याला तिच्याजवळ बसवलं नव्हतं. तिला तसं बघवलं नव्हतं. आणि हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. भावाला नाही. लेकीला नाही. गोंदाच्या टेबलावरसुद्धा नाही.

लेकीनं मान वळवली. "बाबा?" एवढंच म्हणाली. त्याच्या तोंडाकडे बघून तिला उत्तर मिळालं. ती उठली, आणि खुर्च्यांमधून वाट काढत निघून गेली.

लोक पांगल्यावर कानसेननं मास्तरची कॉलर धरली. "कुणी सांगितलं तुला?"

"कुणी म्हणजे? तूच की."

"कधी?"

"मध्यंतरात. टेबलाशी बसला होतास. दिवा लावायला गेलो तर नको म्हणालास."

"मास्तर... मध्यंतरात मी घरी गेलो होतो."

"चेष्टा पुरे."

"तार आणायला."

मास्तरनं त्या नव्या तारेकडे बघितलं.

"आवाज माझा होता?" कानसेननं विचारलं.

"कुजबुजत होतास. मला वाटलं, रडून घसा बसलाय. मी म्हटलं, अरे, हे कसं सांगू? तीनदा विचारलं. तू म्हणालास, हे सांग. आजच सांग. पोरगी समोर आहे तोवर..."

"आणखी?"

"म्हणालास... माझं कुणी ऐकलं नाही. तुझं ऐकतील."

मागच्या खोलीला दुसरं दार नव्हतं. खिडकी नव्हती. कानसेननं दार ढकललं. दिवा लावला. कुणी नाही. स्टूल टेबलाजवळ ओढलेलं. आणि टेबलावर एक फडकं. चार पदरी घडी. ओलं.

मास्तरनं उचललं. लगेच टाकलं.

"गरम आहे..." तो म्हणाला.

मास्तर पुन्हा त्या खिडकीत उभा राहिला नाही. आपल्याला फसवून आपल्याच तोंडून दोस्ताचा गळा कापवला, असं तो म्हणे. आणि कानसेन कुणाला काय म्हणणार? जिला त्यानं टाकलं, तिनंच त्याला उघडं पाडलं होतं, त्याच्याच दुकानात, त्याच्याच लेकीसमोर.

लेक दुकानात एकदाच आली. सोमवारी, घराची किल्ली परत द्यायला. कानसेननं मागच्या खोलीत दोरीवर फडकं वाळत घातलं होतं. ते बघून ती दारातच थांबली.

"हे कुठून आणलंत?"

कानसेन ते दोरीवरून काढायला गेला.

"मी सकाळी पोचले तेव्हा हे आईच्या कपाळावर होतं. मी काढू दिलं नाही कुणाला. तिच्याबरोबर गेलं हे, बाबा."

किल्ली ठेवून ती गेली. त्यानंतर फोन नाही.

मामा थांबले. अंधारात पोराचा श्वास तेवढा ऐकू येत होता. थोरलीनं त्याच्या कपाळावर हात ठेवून बघितलं, तसाच, काही कारण नसताना.

"आणि फडकं?" तिनं विचारलं.

"आहे की. त्या खोलीत, दोरीवर. तीन वर्षं झाली. मी गेल्या शनिवारी जाऊन हात लावून आलो."

"मग?"

मामांनी बोटं धोतराला पुसली.

"अजून वाळलेलं नाही."