रपट्यावर नाव विचारणारा

बसा. मोबाइल खिशात ठेवा. काजल, दार लोटून घे.

ही गोष्ट प्रभाकररावांची. सिंदीचे मास्तर, आता निवृत्त. ख्रिस्ती माणूस, सरळ. माझी त्यांची जुनी ओळख. खोटं बोलणं त्यांना जमत नाही.

मागच्या डिसेंबरची एकोणीस तारीख. शुक्रवार, अमावास्या. ते स्कूटरवर आपल्या अल्लीपूरला आले होते, तानबाकडे प्रार्थनेसाठी. त्यांची मुलगी ज्योत्स्ना हिंगणघाटला सासरी, दिवस भरत आलेले. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. म्हणून या खेपेला सगळे जपून होते.

मीही अंगणात बसलो होतो. मास्तरांनी इब्री, म्हणजे ज्यू लोकांच्या जुन्या ग्रंथातली गोष्ट सांगितली. एक माणूस रात्री ओढ्याकाठी एकटा असतो. कुणीतरी येऊन त्याच्याशी झुंजतं. मांडीच्या सांध्याला हात लावून त्याला लंगडं करतं. उजाडायला लागलं की म्हणतं, सोड. हा म्हणतो, आशीर्वाद दे, मग सोडतो. ते याचं नाव विचारतं. स्वतःचं सांगत नाही.

"मंग ते होतं कोण?" तानबानं विचारलं.

"मुळात नुसतं 'पुरुष' लिहिलं हाय. कोणी देव म्हणते, कोणी देवदूत. मी देवदूत समजतो."

तानबाची बायको शकुबाई चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "आमच्याकडं त्याले दुसरंच म्हणतेत, मास्तर. देवदूताले उजेडाचं भेव काऊन?"

मास्तर हसले. "वहिनी, मी तर नातवाचं नावही ठरवून ठेवलं." आणि सांगितलं.

शकुबाईनं कानांवर हात ठेवले. "बारशाच्या आधी नाव घेऊ नका जी. हाक मारायले सोपं होते त्याले."

"कोणाले?"

ती आत निघून गेली.

उशीर झाला म्हणून तानबानं त्यांना ठेवून घेतलं. पहाटे चारनंतर फोन आला. ज्योत्स्नाला दवाखान्यात नेलंय. बाळाचे ठोके मंदावलेत. डॉक्टर वर्ध्याहून निघालेत. मास्तर एकटेच निघाले.

अर्ध्या वाटेवर नाल्याचा रपटा आहे, ठेंगणा फरशी पूल. वरून बोटभर गढूळ पाणी वाहत होतं. मधोमध एकजण उभा. हॉर्न दिला. तो हलला नाही.

"बाजूले व्हा भाऊ. पोरगी दवाखान्यात हाय माही."



स्कूटर बंद पडली. दिवा गेला. मास्तर उतरले. त्याला बाजूला सारायला दंड धरला. दंड ओल्या कापसासारखा. दाबला तसा दबत गेला. आत हाड लागेना.

मग त्यानं धरलं.

किती वेळ, ते मास्तरांना सांगता येत नाही. पाण्यात पडले. उठले. पुन्हा पडले. तोंड दिसलं नाही. श्वास ऐकू येत होता, तो एकट्या मास्तरांचा.

फटफटलं. तेव्हा ते बोललं.

"सोड. उजाडून राह्यलं."

मास्तरांना भीती वाटायला हवी होती. त्यांना आनंद झाला. ग्रंथातलंच बोलणं. म्हणजे देवदूतच. दोन्ही हातांनी आवळून म्हणाले, "माह्या नातवाले जगव. तवाच सोडीन."



"नाव?" त्यानं विचारलं.

ग्रंथातल्या माणसानं स्वतःचं सांगितलं होतं. मास्तरांनी नातवाचं सांगितलं.

हातात काही उरलं नाही.

दवाखान्यात पोचले तेव्हा बाळ रडत होतं. मुलगा. ज्योत्स्नाही ठीक. मास्तरांनी आडोशाला जाऊन आपली मांडी पाहिली. साधा वळही नव्हता. चाल सरळ.

लंगोट बदलताना बाळाच्या आजीला दिसलं. बाळाच्या डाव्या मांडीच्या सांध्याशी खळगा. मोठ्या माणसाच्या अंगठ्याएवढा. डॉक्टर म्हणाले, भरून येईल.

पुढे नाव दुसरंच ठेवलं.

"पयलं कोणतं होतं, आबाजी?"

ते मी घेणार नाही, ऋतिक. तूही विचारू नको.

मागच्या रविवारी मी सिंदीला गेलतो. ज्योत्स्ना माहेरी आली आहे. बाळ निजलं होतं. तिनं दुपटं बाजूला केलं. खळगा तसाच. त्यात पाणी होतं. तिनं पदरानं टिपलं. कोरडं केलं.

आमच्या डोळ्यांदेखत तो पुन्हा भरला. पाणी गढूळ होतं, रपट्यावरच्यासारखं.