वरची कोरी जागा

"मावशी, कागद गेले. सगळे गेले!"

फोनवर वैदेहीचा आवाज फाटला होता. देवश्री पायगुंडे रामघाटावरच्या आपल्या स्वयंपाकघरात चहात आलं किसत होत्या. त्यांनी गॅस बंद केला, चपला पायांत सरकवल्या आणि गल्लीला लागल्या. सव्वासात झाले होते. बारा वाजता मुन्शी घाटाजवळच्या सभागृहात रेशनच्या तक्रारींची जनसुनवाई, म्हणजे सरकारी सुनावणी होती.

देवश्रीबाईंनी रेल्वेच्या क्लेम्स खात्यात एकतीस वर्षं घालवली होती. माल हरवला की तो कुठे हरवला आणि कुणाच्या हातून हरवला, हे हुडकायचं त्यांचं काम. निवृत्त झाल्या, पण खोड गेली नाही आणि तोंडही गेलं नाही. त्या गल्लीतून चालू लागल्या की टवाळ पोरं चबुतऱ्यावरून उतरायची.

वैदेही ही त्यांच्या नाशिकच्या बहिणीची मुलगी. 'अन्नव्रत न्यास' नावाच्या संस्थेची वर्षभराची फेलोशिप घेऊन ती काशीला आली होती. काम सांगायला सोपं, करायला महाकठीण. मठ, मंदिरं, दर्गे, गुरुद्वारे पालथे घालायचे आणि तिथल्या मोठ्या माणसांना पटवायचं, की बाबांनो, नुसती खिचडी वाटून भागत नाही. माणसं उपाशी का राहतात हे सरकारदरबारी जाऊन विचारा. फेलोशिपचा आज शेवटचा दिवस होता.

ती राहायची ब्रह्मा घाटावर, बिंदुमाधवशास्त्री अन्नपूर्णेच्या नावानं चालवत त्या अन्नछत्रात, वरच्या खोलीत. देवश्रीबाई जिना चढून गेल्या तेव्हा पोरगी भिंतीला टेकून बसली होती.

"रडायचं नंतर. आधी नीट सांग."

"त्रेसष्ट बायकांच्या साक्षी होत्या, मावशी. भांडी घासून, करघ्यावर, हातमागावर बसून बोटं झिजलेल्या बायका. रेशनच्या मशीनला त्यांचा अंगठा कळत नाही, म्हणून नावं कापली. मी सहाला घाटावर बायकांना निरोप द्यायला गेले. सातला आले तर फाइल रिकामी."

"खोलीला कुलूप?"

"नुसती कडी."

"फोटो काढले नाहीस? एवढी शिकलेली तू!"

"थंडीत एकदा काढले होते. ते कुणीतरी रेशनदुकानवाल्या कोटेदाराला दाखवले. त्याची माणसं दोघींच्या घरी जाऊन धमकावून आली. तेव्हापासून शब्द दिला होता, एकच प्रत, हातानं लिहिलेली." वैदेहीनं नाक पुसलं. "सुनवाईला येणारे लखनौचे साहेब लेखी साक्ष असेल तरच ऐकणार. नसेल तर पुढची तारीख सहा महिन्यांनी. तोवर या बायका काय खाणार?"

देवश्रीबाईंच्या कपाळाची शीर उडाली. सहा महिने! इथे दोन दिवस चूल न पेटलेल्या बायका घाटाच्या पायरीवर आशेनं बसल्या होत्या.

त्यांनी टेबल पाहिलं. रिकामी फाइल. शेजारी प्लास्टिकची पारदर्शक पाकिटं, एकावर एक रचलेली. आणि स्टीलच्या वाटीत टाचण्या.

"या टाचण्या कुणी काढल्या?"

"मी नाही. प्रत्येक साक्षीला दोन-दोन पानं होती, टाचलेली."

"म्हणजे चोर इथं बसला, एकेक टाचणी काढली आणि वाटीत ठेवली. घाईतला चोर सगळी फाइल बगलेत मारून पळतो." देवश्रीबाईंनी वाटी हलवून पाहिली. "पानं कशी होती? एकसारखी?"

"हो. वर 'श्री अन्नपूर्णा प्रसन्न', मग बाईचं नाव, मग तिचं म्हणणं, खाली अंगठा. बायकाच म्हणाल्या, देवीचं नाव घालून सुरुवात कर. मदनपुऱ्याच्या विणकर बायकांनी मात्र नुसतं आपलं नाव लिहायला सांगितलं."

तेवढ्यात खालून हाक आली. "वैदेहीताई, लवकर या!"

हाक नंदाची होती. छत्रात भांडी घासणारी, पंचेचाळिशीची विधवा बाई. मागच्या चुलीतली राख काढताना तिला अर्धवट जळलेले कागद सापडले होते. चिमट्यानं ते तिनं फरशीवर मांडले होते. वैदेही गुडघ्यांवर बसून वाचू लागली.

"शकीला बानो... हसीना... मेहरुन्निसा... मावशी, सगळ्या मदनपुऱ्याच्या!"

"बस, झालं." मागून केयूर म्हणाला. हा न्यासाचा दिल्लीचा अधिकारी, सुनवाईसाठी दोन दिवस खालच्या पाहुण्यांच्या खोलीत उतरला होता. "कोणीतरी कट्टर माणूस आहे. मुसलमान बायकांचं जाळलं. सिंपल."

"थांबा," नंदा म्हणाली. तिनं एक तुकडा उलटा केला. "हा माझा आहे. हे बघा, नाव."

देवश्रीबाईंनी राख पुन्हा चिमट्यानं चाळली. बाकीच्या पन्नासांवर बायकांच्या कागदांचा कपटासुद्धा त्यात नव्हता.

आता त्यांनी केयूरलाच धरलं. तो ओसरीवर कचोरी खात बसला होता. खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर दुर्गेचा मोठा फोटो होता. बोटांचं तेल त्यानं त्यावरच पुसलं आणि कागदाचा बोळा कोपऱ्यात फेकला.

"सहा ते सात कुठे होतास?"

"झोपलो होतो, आंटी."

"वैदेहीचा अहवाल तुला पसंत नव्हता म्हणे."

"मी एवढंच म्हटलं, छत्राचं नाव गाळ. शास्त्रीजी आमच्या न्यासावर आहेत. त्यांच्याच छत्राची बदनामी आम्ही कशी छापायची?"

"बदनामी म्हणजे?"

केयूरनं मान फिरवली. उत्तर वैदेहीनं दिलं. छत्रात भांडी घासणाऱ्या बायकांना शेवटची पंगत उठल्यावर उरलं तर जेवण, नाहीतर तपेल्याच्या बुडाची करपलेली खरड. राख आणि सोड्यानं बोटं इथेच झिजली, आणि रेशन गेलं ते त्याच बोटांपायी. हे नऊ जणींनी लिहून दिलं होतं.

देवश्रीबाईंनी ओसरीवरून देवघराकडे पाहिलं. या छत्राला त्यांनी दरवर्षी आईच्या नावानं शिधा दिला होता.

दारात कोटेदार विश्वजीत तांदळाची पोती उतरवून घेत होता. पोत्यांवर लक्ष्मीचं चित्र होतं, आणि हा पठ्ठ्या एका पोत्यावर बसून दुसऱ्यावर चिखलाचे जोडे टेकवून होता.

"कब आए?"

"साढ़े छह बजे, बहनजी."

"ऊपर गए थे?"

"मैं काहे जाऊँ? कागज जल गया तो भला ही हुआ, झूठ क्यों बोलूँ." तो दात काढून हसला. "मगर मुझे मिलता तो एक-एक पन्ना जलाता. आधा काम मैं नहीं करता."

देवश्रीबाईंना त्याच्या थोबाडीत ठेवून द्यावीशी वाटली. पण त्याचं शेवटचं वाक्य त्यांच्या डोक्यात राहिलं.

बिंदुमाधवशास्त्री देवघराच्या उंबऱ्याआत बसले होते. सत्तरी ओलांडलेले, नेसूचं सोवळं, आवाजात मध. वैदेहीला त्यांनी वर्षभर लेक म्हणून वागवलं होतं, अडलेले श्लोक समजावून दिले होते.

"फार वाईट झालं, देवश्रीताई. पोरीच्या वर्षाच्या मेहनतीवर पाणी पडलं."

"तुम्ही सकाळी कुठे होतात?"

"मी कुठे असणार? सहापासून इथेच, पूजेत."

"कुणी येऊन गेलं?"

"छे! देवघरात सोवळ्यावाचून कुणाचं पाऊल पडत नाही. माझी सूनसुद्धा उंबऱ्याबाहेर थांबते."

बोलता बोलता त्यांचं लक्ष अंगणात गेलं. कुणाच्या तरी जुन्या लग्नाची पत्रिका वाऱ्यानं फरशीवर आली होती, वर गणपतीचं चित्र. शास्त्रीबुवा लगबगीनं उठले, ती उचलून कपाळाला लावली आणि आत कोनाड्यातल्या वेताच्या टोपलीत ठेवली. टोपलीत पोथ्यांची फाटकी पानं आणि जुनी पंचांगं होती.

"याचं काय करता?"

"अमावास्येला गंगार्पण. देवाचं नाव पायदळी येऊ नये हो."

देवश्रीबाई वळल्या. नंदा दारात उभी होती.

"नंदा, तुझ्या कागदावर वर काय लिहिलं होतं?"

"काहीच नाही. वैदेहीताई देवीचं नाव घालत होत्या, मी म्हटलं नको. तिच्याच दारात उपाशी राहते, तिचं नाव कशाला?"

देवश्रीबाईंनी डोळे मिटले आणि उघडले. साडेनऊ झाले होते.

"वैदेही, मदनपुऱ्याला माणूस धाड. त्या सगळ्या जणींना इथे बोलाव. केयूर, त्या कोटेदाराला आत आण. कुणी हलायचं नाही."

सगळे अंगणात जमले. देवश्रीबाई देवघराच्या दाराशी उभ्या राहिल्या.

"कागद चोरणारा माणूस खोलीत शांतपणे बसला. त्यानं प्लास्टिक काढलं, टाचण्या काढल्या. जाळायचं असतं तर टाचणी कशाला काढायची? फाडायचं असतं तरी कशाला? टाचणी आणि प्लास्टिक कधी काढतात? कागद गंगेत सोडायचा असला की काढतात. गंगेत लोखंड जाऊ नये, म्हणून."

देवश्रीबाईंनी नंदाकडे हात केला.

"मग काही कागद जाळले का? केयूर म्हणाला, मुसलमान बायकांचे म्हणून. पण नंदाचाही जळला. नंदाचा आणि मदनपुऱ्याचा, दोन्ही कागदांत एकच गोष्ट सारखी. वरची जागा कोरी. ज्यावर देवीचं नाव होतं ते कागद चोरानं चुलीत घातले नाहीत. त्याचा हातच धजावला नाही. ज्यावर नुसतं बाईचं नाव होतं ते मात्र बेलाशक घातले!"

त्यांचा आवाज चढला.

"विश्वजीत देवीच्या पोत्यावर जोडे ठेवतो. त्यानं सगळेच जाळले असते. केयूर दुर्गेच्या फोटोला हात पुसतो. त्याला वरची ओळ दिसलीसुद्धा नसती. या घरात देवाच्या नावाचा कागद कपाळाला लावणारा माणूस एकच आहे."

"देवश्रीताई, तोंड सांभाळा," शास्त्रीबुवा म्हणाले. मध कुठल्या कुठे गेला होता.

"बायका सकाळपासून घाटाच्या पायऱ्यांवर बसल्यात. त्यांच्या देखत गठ्ठा गंगेवर न्यायची सोय नव्हती. म्हणून तो अजून घरातच आहे. आणि तुम्हीच सांगितलंत, देवघरात सोवळ्यावाचून कुणी येत नाही."

देवश्रीबाईंनी उंबरा ओलांडला.

"अहो! सोवळं! ओवळ्यानं आत..."

"बघते मला कोण अडवतं ते!"

टोपलीतली पंचांगं त्यांनी दोन्ही हातांनी बाजूला केली. तळाशी लाल वस्त्राचं वेष्टन होतं, पोथीला बांधतात तसं, चारी कडा दुमडून दोरा गुंडाळलेलं. त्यांनी ते अंगणात आणून सोडलं. साक्षी निघाल्या, कडेला कड जुळवून रचलेल्या. प्रत्येकीच्या माथ्यावर श्री अन्नपूर्णा प्रसन्न.

वैदेहीनं वर पाहिलं. "काका, तुम्ही?"

शास्त्रीबुवा उंबऱ्यावर टेकले. "शंभर वर्षांचं छत्र आहे, पोरी. माझ्या आजोबांनी झोळी फिरवून उभं केलं. उद्या पेपरात आलं असतं, अन्नपूर्णेच्या छत्रात भांडी घासणाऱ्या उपाशी. एका दिवसात सगळं मातीत गेलं असतं. नुसते ते नऊच कागद काढले असते तर बोट माझ्याकडेच आलं असतं."

"त्या उपाशी होत्या की नव्हत्या?" देवश्रीबाईंनी विचारलं.

शास्त्रीबुवा सोवळ्याचा काठ सारखा करू लागले.

"मी विचारते, होत्या की नव्हत्या?"

"होत्या," शास्त्रीबुवा पुटपुटले.

"रोज हजार नावं जपता. पोटातल्या आगीनं रडणाऱ्या बाईचा कागद चुलीत घालताना लाज वाटली नाही, आणि वरच्या तीन शब्दांना मात्र लाल वस्त्र! कुठली देवी खूश होणार होती यावर?"

केयूर म्हणाला, "पोलिसांत फोन लावू?"

"लाव. पण त्यांना दुपारनंतर बोलाव. अजून बारा वाजायचेत आणि बारा कागद कमी आहेत." देवश्रीबाईंनी कोऱ्या कागदांचा गठ्ठा शास्त्रीबुवांच्या पुढ्यात आपटला. "तुमचं अक्षर सुंदर. लिहा."

"मी?"

"जाळले कुणी?"

मदनपुऱ्याच्या अकरा जणी आल्या. या अंगणात त्या आयुष्यात प्रथमच पाऊल टाकत होत्या. शकीला बानो बोलली, शास्त्रीबुवांनी लिहिलं. हसीना बोलली, लिहिलं. शास्त्रीबुवांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मध्ये एकदा पाणी मागितलं. नंदानंच आणून दिलं.

शेवटी नंदा समोर बसली. शास्त्रीबुवांचा हात सवयीनं कागदाच्या माथ्यावर गेला आणि 'श्री' उमटलं.

"खोडा ते," नंदा म्हणाली.

"देवाचं नाव खोडता येत नाही गं."

"मग नवा कागद घ्या."

त्यांनी नवा कागद घेतला. "वर काय लिहू?"

"वर माझं नाव लिहा. खाली लिहा, काल पंगत उठल्यावर भात उरला नाही. परवाही नाही."

त्यांनी लिहिलं. साडेअकरा वाजले होते. वैदेहीनं शाईचं पॅड पुढे केलं. नंदानं अंगठा बुडवला आणि कागदावर जोरानं दाबला. काळा डाग उमटला. त्यात एकही रेघ नव्हती.

तिनं तो कागद शास्त्रीबुवांच्या डोळ्यांपुढे धरला.

"बघा. तुमच्या भांड्यांनी नेल्या."