जांभळीखालचा माणूस

मोबाईल ठेवा बाजूला. ही कुठली ऐकीव गोष्ट नाही. अमृत मास्तरनं माझ्यासमोर बसून सांगितलेली आहे, आणि सांगताना त्या माणसानं एकदाही माझ्याकडं बघितलं नाही.

अमृत म्हणजे विट्याकडचा, शाळेत पीटीचा मास्तर. पोरांना स्काउट शिकवायचा. मोडलेल्या पायाला फळी कशी बांधायची, दोन काठ्या आणि चादर घेऊन माणूस कसा उचलायचा, हे सगळं पोरं त्याच्याकडनंच शिकली. दोन हजार चोवीसच्या डिसेंबरात बायको क्रांती आणि बारा वर्षांची शिवांजली यांना घेऊन तो पाटणच्या वरच्या डोंगरात गेला. तिघांच्या पाठीवर सॅक. तंबू, छोटी शेगडी, भाकरी, शेंगदाण्याची चटणी. दोन रात्री पठारावर काढल्या. पोरगी एवढी रमली, की खाली उतरायलाच तयार होईना.

शेवटचा दिवस रविवार, एकोणतीस तारीख. सोमवारी अमावस्या. आणि सोमवारीच शाळेचं स्नेहसंमेलन, त्याचा सगळा भार अमृतवर. पायथ्याच्या वाडीतनं कराडची शेवटची एसटी साडेपाचला सुटायची. ती धरायची म्हणून तिघं तीनलाच उतरायला लागले.

सव्वाचारला वाटेच्या कडेला, एका जांभळीखाली माणूस बसलेला दिसला. वय तिशीचं. उजवा पाय घोट्यापाशी सुजून काळानिळा पडलेला. एकटाच आलो, पाय मुरगळला, सकाळपासनं इथंच बसून आहे, असं त्यानं सांगितलं. आवाज शांत होता. कण्हत नव्हता, की गयावया करत नव्हता.

अमृतनं पायाला हात लावला नाही. त्यानं घड्याळ बघितलं.

अजून तासाभराची उतरण होती. या माणसाला धरून न्यायचं, तर अंधार पडणार आणि गाडी चुकणार हे नक्की. क्रांतीनं खांद्यावरची सॅक उतरवायला सुरुवातसुद्धा केली होती.

"आवं, दोघं मिळून धरूया त्याला. सॅक ऱ्हाऊ द्यात हितंच."

"खाली जाऊन माणसं पाठवतो," अमृत म्हणाला. "स्ट्रेचर घेऊन येतील. आपण ओढत नेलं तर पाय आणखी बिघडंल."

मास्तरच म्हणतोय म्हटल्यावर तिनं सॅक परत खांद्यावर घेतली. त्या माणसानं मान वर केली.

"माणसं नकोत सर. तुमीच न्या."

अमृतनं पाण्याची एक बाटली त्याच्याजवळ ठेवली आणि पाऊल उचललं. शिवांजलीनं दोनदा मागं वळून बघितलं. तिला त्यानं हाताला धरून पुढं घेतलं.

वाडीत पोचले तर गाडी सुरूच होती. कंडक्टर बेल द्यायच्या बेतात. तिघं पळत सुटले आणि चढले. आता कंडक्टरला सांगावं, असं अमृतच्या मनात आलं. पण सांगितलं तर तो गाडी थांबवणार, चार प्रश्न विचारणार, शेवटी उतरायला लागणार. मोबाईलला रेंज नव्हती. रेंज आल्यावर करू, असं त्यानं ठरवलं. कराडजवळ रेंज आली. तवर त्यानं मनाची समजूत घातली होती, की मागनं आणखी कुणीतरी उतरलं असेल, त्यानं आणलं असेल.

विट्याच्या गाडीत शिवांजलीनं विचारलं, "पप्पा, फोन केला का तुम्ही?"

"केला," तो म्हणाला.

हे सांगताना, पोरांनो, अमृत रडला. माणसाला सोडून आलो ते एक. पण पोरगीनं त्या एका शब्दावर विश्वास ठेवला आणि खांद्यावर डोकं टेकून झोपली, ते त्याला सोसत नव्हतं.

घरी पोचल्यावर क्रांतीनं शिवांजलीला आत नेऊन झोपवलं. साडेअकराला अमृत उठला, स्वेटर चढवला आणि मोटरसायकल बाहेर काढली. ती दारात आली. अडवलं नाही. एवढंच म्हणाली, "शिवांजली उठायच्या आत या."

थंडीत बोटं वाकेनात. वाडीत पोचला तेव्हा सव्वादोन झाले होते. वाटेच्या तोंडाशी गावच्या समितीची चौकी, संध्याकाळी गाडीसाठी पळताना तिथं थांबलेच नव्हते. तिथं लालासाहेब नावाचा म्हातारा, फौजेतनं रिटायर झालेला. त्याला उठवून अमृतनं सगळं सांगितलं. म्हातारा ऐकत राहिला.

"जांभळीखाली?"

"व्हय."

"उजवा पाय?"

उजवा, हे अमृतनं सांगितलंच नव्हतं…

लालासाहेबानं बॅटरी घेतली, काठी घेतली. दोघं चढायला लागले. तासभर. दीड तास. जांभळ आली.

कुणी नाही.

बाटली होती. भरलेली. बूच तसंच.

गवत उभंच्या उभं. माणूस बसल्याची खूण नाही. अमृतनं हाका मारल्या. एक… दोन… डोंगरानं आवाज परत दिला नाही.

"सा वर्सं झाली," लालासाहेब म्हणाला. "जत भागातला गडी हुता. त्या दिवशी तीन जथे त्याच्याम्होरनं उतरलं. तिघांनीबी सांगितलं, माणसं पाठवतो. चौकीत कुणीच बोललं न्हाई. चौथ्या दिवशी घावला."

"मग तुम्हाला ठाऊक होतं… तरी माझ्याबरोबर चढलात?"

"दर बारीला चढतो. एखाद्या बारीला खरंच कोन असलं तर?"

 

उतरून चौकीत आले तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. म्हाताऱ्यानं चहा टाकला. मग त्याला आठवलं, की डोंगरात जाणाऱ्यांची नावं लिहायची वही असते, आणि काल गाडीच्या गडबडीत हे लोक परतल्याची सही न करताच गेले. त्यानं पेटीचं कुलूप काढलं, वही काढली, पान उलटलं.

आणि थांबला.

वही त्यानं अमृतपुढं सरकवली.

शुक्रवारची ओळ. अमृतच्याच हातची. 'जाणारी माणसं: तीन.'

पुढचा रकाना, परतल्याचा. तो कोरा असायला हवा होता.

कुणीतरी भरला होता. अक्षर बारीक. अमृतचं नाही, म्हाताऱ्याचं नाही…

रविवार. पाच वीस.

'परत गेलेली माणसं: चार.'