देवमाशाची वाट

"मी मत्स्यखात्यातला," नौपाड्याच्या कोपऱ्यावर तो म्हणाला.

"खाता ना? मग घ्या की. बोंबील ताजे हायत."

"तसं नव्हे... मी मासे खातच नाही. सरकारी खातं म्हणतोय."

कळव्याहून टोपली वाहून माझी मान आखडलेली, तरी हसू आलं. स्वराज्याला पाच-सहा वर्षं झालेली, आणि मासळीवर साहेब नेमला तो असा! आनंद त्याचं नाव. मग तो रोज यायचा. टोपलीतली बारकी मासळी पट्टीनं मोजायचा, जाळ्याची भोकं मोठी ठेवा म्हणून माझं डोकं खायचा. "धंद्याच्या वेळेला खोटी करता," मी कुरकुरायचे. आणि तो आला नाही की त्याच्याच वाटेकडे बघत बसायचे.

त्या उधाणाला खाडीत देवमाशाचं पिल्लू शिरलं. तेल मिळेल म्हणून लोक कोयते घेऊन काठावर बसले. ओहोटीबरोबर ते समुद्रात परतलं तरच वाचणार होतं, पण वाटेत आमचं जाळं, खुंटांना ताणून बांधलेलं. बापूस अंथरुणाला खिळलेला. उधाणाची मासळी गेली तर आम्ही उपाशी.

आनंद गुडघाभर चिखल तुडवत आला.

"मालन, जाळं काढशील?"

"सरकारचा हुकूम?"

"देवमाशासाठी कायदाच नाही अजून. मी... मीच मागतोय."

"आणि आम्ही खायचं काय?"

तो बाह्या दुमडायला लागला. खोटा धीर दिला असता तर हाकललंच असतं मी त्याला.

इतकी दमलेली, की रागही धड येईना. होडीत बसले. "बघता काय? गाठी सोडा." साहेबाला कुठली गाठ सुटतेय — बोटं सोलवटली नुसती. शेवटी जाळं वर आलं, आणि थोड्या वेळानं एक काळी पाठ होडीला हलकेच घासून समुद्राकडे गेली. काठावरून शिव्या ऐकू आल्या. त्यानं माझा हात धरलाय, हे मला मग कळलं. मी सोडवला नाही.

"आवडता तुम्ही मला," मी म्हटलं. "पुढचं तुम्हीच बोला. माझ्यात त्राण नाही."

त्यानं मोकळ्या हातानं ओलं जाळं चाचपलं.

"उद्या घरी येऊ? तुझ्या बापसाला विचारायला..."

"काय विचारणार?"

"जाळं परत बांधायचंय ना... घरात एक माणूस कमी पडतंय का, ते."

"पडतंय," मी म्हटलं. "लई दिवसांपासून."