सुभेदार ज्योतिबांच्या गालावरचा डाग

"देसाईसाहेब, माझ्या वडिलांचं कुणीतरी तोंड काळं केलंय."

एवढं बोलून त्या माणसानं खुर्चीत अंग टाकलं. मदतनीस उपेंद्रच्या कपातला चहा बशीत सांडला. गुप्तहेर बसवंत देसाईंच्या शिवाजीनगरातल्या त्या माडीवर चोरीच्या सायकलीपासून पळालेल्या जावयापर्यंत सगळं येऊन गेलं होतं, पण हे नवीनच होतं.

"वडील असतात कुठे?" बसवंतनं विचारलं.

"इटलीतल्या लढाईत पडले. चव्वेचाळीस साली."

उपेंद्र चक्रावला. बसवंतनं मात्र मान हलवली. "म्हणजे पुतळा."

पुतळाच. आलेला माणूस पद्माकर शिंत्रे, मूळचा बेळगावचा, विमानांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन. दिवाळीपासून खपून त्यानं वडिलांचा, सुभेदार ज्योतिबा शिंत्र्यांचा, कमरेएवढ्या उंचीचा पुतळा केला होता. आज प्रजासत्ताक दिन. पासष्टच्या सप्टेंबरातल्या लढाईनंतर ह्या कानडी शहरातही जवानांचं भारी कौतुक चाललं होतं, आणि आज संध्याकाळी महाराष्ट्रीय मंडळींच्या हॉलमध्ये सुभेदारांवरचा पडदा दूर व्हायचा होता.

"सकाळी बघतो तर गालावर काळा डाग. एवढासाच होता, पण फडक्यानं पुसायला गेलो तर कानापर्यंत फासला गेला. हे काम माझ्या मित्राचं, उमाकांतचं. त्यानं केलेला छोटा रणगाडाही आजच्या प्रदर्शनात आहे, आणि माझ्या पुतळ्यापुढं त्याला कोण विचारतो? तुम्ही पुरावा द्या, मी त्याला सगळ्यांसमोर उभा करतो. मित्र म्हणे."

"आणि पुरावा नाही मिळाला तर?"

"तरी त्याचं नाव घेणार."

बसवंतनं टोपी उचलली. "चल उपेंद्र. संध्याकाळच्या आत एक मैत्री वाचवायची आहे, नाहीतर मोडायची तरी."

हेब्बाळच्या वाटेवरच्या त्या घराचं दार पद्माकरच्या बायकोनं, अलकानं उघडलं. कडेवर गुटगुटीत बाळ, हातात मनगट्या, गालावर ठसठशीत तीट. उपेंद्रला मुलांची हौस फार. त्यानं घ्यायला हात पुढं केले, तर बाळानं त्याचा चष्मा ओढला आणि लाळेनं भरलेलं तोंड त्याच्या खांद्यावर यथेच्छ घासलं.

"कालच धुतलेला शर्ट," उपेंद्र पुटपुटला.

पण खोलीत शिरला आणि तो शर्ट विसरला. तारेच्या सांगाड्यावर कागदाचा लगदा थापून, घासून, त्यावर तैलरंगाचे थरावर थर देऊन पद्माकरनं माणूस उभा केला होता. पट्ट्याचं पितळ, गुडघ्यावर विटलेली खाकी, काडीएवढी बारीक संगीन. डावा खांदा किंचित उतरता. डोळे असे की उपेंद्र नकळत सरळ उभा राहिला. आणि त्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूला गालापासून कानापर्यंत काळं फासलेलं. उपेंद्रला मनापासून राग आला.

बसवंतनं टीपकागदाचा तुकडा डागावर अलगद दाबला आणि उजेडात धरला. काळ्याभोवती तेलकट कडं उमटलं होतं.

"तुमच्या पेटीतला काळा रंग दाखवा."

"माझ्याकडे काळा नसतोच. काळ्यानं चेहरा मरतो. सावलीला मी निळा आणि तपकिरी मिसळतो."

खोलीत शिवाप्पा सुतार पुतळ्याच्या काचपेटीला शेवटचा हात देत होता. कोपरापर्यंत काळं पॉलिश. उपेंद्रनं बसवंतला डोळ्यानं खुणावलं.

"शिवाप्पा, हे सुकायला किती वेळ लागतो?"

"स्वल्प थांबा, अण्णा. बोलता बोलता सुकतं. मग हात लावा, काही लागत नाही."

तेवढ्यात उमाकांत आला, पुतळा हॉलवर न्यायला टांगा घेऊन. पद्माकरनं तोंड फिरवलं.

"सकाळपासून हा बोलत नाही," उमाकांत बसवंतला म्हणाला. "काय झालं ते तरी कळू दे." मग त्याला गाल दिसला आणि तो पुतळ्याजवळ धावला.

"काल संध्याकाळी तुम्ही इथं एकटेच होता?"

"होतो. हा हॉलवर गेला होता. खूप वेळ बघत बसलो. खोटं कशाला बोलू, पोटात दुखलं. असं काम माझ्या हातून व्हायचं नाही. एक डावा खांदा तेवढा खाली गेलाय. मी परवाच म्हटलं चूक आहे, तर हा म्हणाला, असू दे."

"तुम्ही रंग कुठले वापरता?"

"एनॅमल. ह्याच्यासारखी वाळायची वाट कोण बघत बसणार? माझा रंग संध्याकाळी लावला की सकाळी बोटाला लागत नाही."

"पोटात दुखलं म्हणतोय, ऐकलंत ना?" पद्माकर म्हणाला.

बसवंत स्वयंपाकघराकडे वळला. तिथं पद्माकरची आई, कस्तुराबाई, सुपात तांदूळ निवडत होत्या.

"काकू, पुतळा कसा झालाय?"

"मला कुठला वेळ बाहुल्या बघायला? कामावरून आला की पसारा मांडून बसायचं. बापानं बंदूक धरली, हा कुंचला धरून बसलाय."

"सुभेदारसाहेब कसे होते दिसायला?"

त्यांचा हात थांबला. "ताठ. डावा खांदा तेवढा जरा उतरता. एकच फोटो आहे, गळ्यापर्यंतचा. त्यात ते यायचं नाही."

"पुतळा खराब झालाय, काकू."

"खराब कसला व्हायचा? तेलाचं बोट फिरवलं की निघून जाईल. उगीच घर डोक्यावर घेतलंय."

बसवंतनं हात जोडले. "काकू, जरा बाहेर येता?"

सगळे पुतळ्यापाशी जमले. बसवंत म्हणाला, "पद्माकर, काडीएवढी संगीन शाबूत आहे. वैऱ्यानं ती आधी मोडली असती. हा शत्रूचा हात नव्हे. दुसरं, हा डाग रात्रभर वाळला नाही. पॉलिश असतं तर सुकलं असतं, एनॅमलही. तुमच्याकडे तर काळा रंगच नाही. ह्या घरात न वाळणारं काळं एकच आहे. उपेंद्र, खांदा इकडे कर."

उपेंद्रनं मान वळवून पाहिलं. पांढऱ्या शर्टावर काळा फराटा होता. बसवंतनं टीपकागदाची दुसरी बाजू त्यावर दाबली. तेच काळं, तेच तेलकट कडं.

"अगंबाई, काजळ," अलका म्हणाली.

"काजळ. पद्माकर, मूळचा डाग एवढासाच होता, तुम्हीच सांगितलंत. फासलात तो तुमच्याच फडक्यानं. त्याआधी ती तीट होती. आणि एरंडेलाचं काजळ तेलाच्या बोटानं निघतं, हे एका माणसानं पुतळा न बघताच मला सांगितलं."

सगळ्यांच्या माना कस्तुराबाईंकडे वळल्या. त्यांनी पदर सावरला.

"आई? अगं, मग बोलली का नाहीस?"

"तू सकाळी ओरडत आलास, बापाचं तोंड काळं केलं म्हणून. मग कुठल्या तोंडानं सांगू? पुसून निघेल, गप्प बसशील, असं वाटलं. तू ह्या लेकराचं नाव घेशील हे काय ठाऊक." त्यांनी उमाकांतच्या पाठीवर हात ठेवला.

"पण काकू," उपेंद्रला राहवेना, "नवऱ्याला कुणी तीट लावतं का?"

"नवऱ्याला कशाला? त्यांना आता कुणाची दृष्ट लागायची आहे?" म्हातारी पुतळ्याकडे बघून म्हणाली. "काल सगळे गेल्यावर डोकावले. खांदा दिसला. ते गेले तेव्हा हा दहा वर्षांचा. फोटोत नाही, मी कधी बोलले नाही. ह्यानं आठवून केला. माझ्या लेकाच्या हातचं काम आहे ते. आज सगळं गाव बघणार. म्हणून लावली."

पद्माकर उमाकांतसमोर जाऊन उभा राहिला आणि मान खाली घालून म्हणाला, "चुकलो रे."

"खांद्याचं मीही चुकलो," उमाकांत म्हणाला. "उचल आता, टांगेवाला खोळंबलाय."

कस्तुराबाईंनी तेलाचं बोट फिरवलं, पदरानं टिपलं आणि सुभेदारांचा गाल लखलखीत झाला.

संध्याकाळी पडदा दूर झाला तेव्हा हॉलमध्ये टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेत कस्तुराबाई ताठ बसल्या होत्या. शेजारणीनं विचारलं तेव्हा त्या मोठ्यानं म्हणाल्या, "माझ्या पोरानं केलाय."

पद्माकर आईच्या पाया पडायला वाकला. उपेंद्र मागेच उभा होता. पद्माकरच्या कानामागं त्याला एक काळा ठिपका दिसला. त्यानं बसवंतला कोपरानं ढोसलं.

"दिसला," बसवंत म्हणाला. "ह्या वेळी बरोबर माणसाला लावलाय."

उपेंद्रनं हसत चष्मा काढला आणि शर्टाच्या काळ्या खांद्याला चुकवून दुसऱ्या बाहीनं पुसला.