अण्णांना दिलेला शब्द

ही घडलेली गोष्ट आहे. ज्याला पटणार नाही त्याने सोडून द्यावी. पण त्या सकाळी घाटावर सगळं गाव होतं.

गेल्या मार्गशीर्षात, श्रीगोंदा तालुक्यात, घोड नदीच्या काठी कारभारी अण्णांचा दहावा होता.

पंचायत समितीत अण्णांचा शब्द शेवटचा. गावोगावी बौद्ध वस्तीला वेगळी टाकी, वेगळं स्मशान, हे धोरण त्यांचंच. "ज्याची त्याची सोय," म्हणायचे. इथल्या दोन स्मशानांमधली भिंत बांधताना तर त्यांनी स्वतः थापी हातात घेतली होती.

दवाखान्यात मुलीचा, वैजयंताचा, हात धरून ते शेवटचं एवढंच म्हणाले...

"भिंत..."

तिला वाटलं, पश्चात्ताप झाला. वस्तीतल्या भीमराज सरांनाही तिने तसं सांगून टाकलं.

पिंड मांडला. कावळे त्याच भिंतीवर ओळीने बसले.

एकही ओरडेना...

"अण्णा, आईला सांभाळीन," भाऊ करण म्हणाला. "कारखान्याच्या निवडणुकीला उभा राहीन."

"या खेपेला तरी पडू नको," मागून कुणीतरी पुटपुटलं.

ऊन चढलं. आई, छबूबाई, सकाळपासून उपाशी. त्यात शुगर.

गुरुजींनी दर्भ उचलला. "दर्भाचा कावळा करून शिवू."

"नगं," आई म्हणाली. "त्यांचा जीव कशात तरी आडकलाय."

वैजयंता पुढे झाली. मोठ्याने म्हणाली, "अण्णा, भिंत पाडू आम्ही."

कावळे एकदम उडाले.

आणि भिंतीतून आवाज आला... खर्र... खर्र... गिलाव्यावर थापी फिरावी तसा.

करणने पलीकडे डोकावून पाहिलं.

कुणीच नव्हतं.

आई कलंडली. तिला सावरताना वैजयंता मनातल्या मनात म्हणाली, 'बरं अण्णा. राहील भिंत.'

आवाज थांबला.

एक कावळा थेट पिंडावर उतरला.

"शिवला! पोरीनं शब्द दिला म्हणून सुटला म्हातारा!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

संध्याकाळी भीमराज सर घरी आले. "ताई, अण्णांनी आयुष्यभर आम्हाला दारात उभं केलं नाही. जाताना मात्र माणसासारखं वागले."

तिने मान खाली घातली.

तिने मोठ्याने दिलेल्या शब्दावर पंधरवड्यात जेसीबी आला. भिंत पडली. तिने अडवलं नाही. अडवावंसं वाटलंही नाही.

आता आई पुण्यात तिच्याकडे असते. दोघींच्या खोल्या शेजारी शेजारी.

परवा दुपारी आई जेवता जेवता थांबली.

"वैजे, शेजारच्यांनी काम काढलंय का गं?"

शेजारचं घर कधीचं बंद आहे. आणि आवाज तिकडून येतही नव्हता...

दोघींच्या खोल्यांमधल्या भिंतीला तिने हात लावला.

गिलावा ओला होता.