उतारावरचा थावरा

मी आयुष्यभर थापा मारल्या. गावात कोणालाही विचारा, हसून सांगेल.

पण ही थाप नाही.

हे माझ्या आजीच्या सख्ख्या भावाच्या बाबतीत घडलं. उकंडराव त्यांचं नाव. साल सत्तेचाळीस, निजामाचं राज्य अजून गेलं नव्हतं. जागा म्हणजे कळमनुरीहून वारंग्याकडे जाणारा रस्ता.

आणि वेळ रात्रीची नव्हती. भूत अंधारातच निघतं असं ज्याला वाटतं, त्यानं वैशाखातल्या भर दुपारी त्या रस्त्यानं एकट्यानं सायकल हाणून पाहावी.

रस्ता तसा मोठा गोड. घाट नाही, दरी नाही. नुसता माळ, आणि माळाला गोधडीसारख्या सुरकुत्या. जरा चढ, जरा उतार. चढावर पाय मारायचे, धापा टाकायच्या. उतारावर पाय थांबवायचे आणि मागच्या चाकाचा आवाज ऐकत घरंगळायचं...

टिक टिक टिक टिक.

हा आवाज पाय थांबल्यावरच येतो. चढावर येत नाही. चढावर पाय थांबवले तर सायकलच आडवी होते.

दोन उतारांच्या मधल्या खोलगटीत उकंडरावांचा आखाडा होता. शेतातलं घर, गोठा आणि रस्त्याला चिकटून ओटा. ओट्यावर पान चघळत बसायचे. त्यांचा एक दंडक होता. ओट्यासमोरून कोणी सायकलवर बसून जायचं नाही. खाली उतरायचं, वहाणा हातात घ्यायच्या, सायकल ढकलत पुढं न्यायची. मग बसायचं.

आता भरधाव उतार संपतो तिथंच माणसाला उतरवायचं, ही काय अक्कल झाली? पण मालकाला सांगणार कोण!

तांड्यावरचा थावरा रोज दूध घेऊन कळमनुरीला जायचा. तांड्यात पहिली सायकल त्याचीच. तोसुद्धा रोज उतरायचा. "राम राम मालक," म्हणायचा आणि ढकलत जायचा.

एका सकाळी उताराच्या मध्यावर त्याचा ब्रेक तुटला.

"मालक, सरका! ब्रेक तुटला!"

"आधी उतर!"

"उतरता येईना, मालक!"

"माझ्या ओट्यासमोरून बसून जातो काय रे?"

आणि उकंडरावांनी हातातली काठी चाकात घातली.

थावरा डोक्यावर पडला. उठला नाही.

चौकीवाले आले, बोकड खाऊन गेले. अपघात ठरला. थावराची बायको मिराबाई सायकल मागायला आली. उकंडराव म्हणाले, "कोणती सायकल?" वाकडं चाक ठोकून सरळ करून घेतलं, नवा ब्रेक बसवला आणि स्वतःच फिरायला लागले.

त्यांचा सालगडी रामकिशन हात जोडून म्हणाला, "मालक, मेल्या माणसाची चीज हाय. तांड्यावर देऊन टाका."

"काहून? मेला काय ती चालवायला येऊन राहिला?"

"असं बोलू न्हाई, मालक."

महिना गेला असेल. कळमनुरीचा बाजार करून उकंडराव एकटेच परत निघाले. ऊन असं की कावळ्यानंसुद्धा तोंड मिटलेलं. वारा नाही. होल्याचं घुमणं नाही.

पहिल्या चढाला लागले. पाय मारू लागले.

मागून आवाज आला...

टिक टिक टिक टिक.

वळून पाहिलं. रस्ता मोकळा.

"आपलंच चाक," म्हणाले. पण पाय तर चालू होते! आणि हा तर चढ होता...

कोणीतरी चढावर घरंगळत येत होतं.

पुढं एक म्हातारी पळसाच्या पानांचा भारा डोक्यावर घेऊन चालली होती. सायकल पाहून बाजूला झाली. उकंडराव गेले तरी ती रस्त्यावर परत येईना.

"चल की मावशी! काहून थांबली?"

"मागच्याला जाऊ द्या की, दादा."

उकंडरावांनी मग वळून पाहिलंच नाही. उतरून शेतातून पळावं म्हणून ब्रेक दाबला. ब्रेक लागला नाही. पाय उचलायला गेले...

पाय पायडलावरून निघेनात.

सायकल आपोआप पळत होती आणि पाय तिच्यासोबत फिरत होते. कॅरिअर एकाएकी जड झालं. कानाशी कोणीतरी अगदी अदबीनं बोललं.

"राम राम, मालक."

उकंडरावांनी हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"आखाडा आला, मालक. उतरा की."

"उतरता येईना रे!"

"मग बसा."

रामकिशन ओट्यापाशी बैलांना पेंड घालत होता. त्यानं पाहिलं, मालक वाऱ्यासारखे उतार उतरून राहिले, धोतर सुटलंय, आणि ओरडताहेत.

"रामकिशन, काठी घाल! चाकात काठी घाल! मेलो तरी चालंल, पण मला उतरव!"

रामकिशननं काठी उचलली.

मग त्याची नजर कॅरिअरकडं गेली.

त्यानं काठी खाली ठेवली, वहाणा काढल्या आणि हात जोडले. काय दिसलं ते त्यानं मरेपर्यंत कोणाला सांगितलं नाही.

दिवस मावळताना वारंग्याच्या अलीकडं उकंडराव सापडले. रस्त्याच्या मधोमध उताणे. सायकलचा पत्ता नव्हता.

पाय मात्र हवेत फिरत होते.

बैलगाडीत घालून आणलं. बाजेवर टाकलं. पाय चालूच. दोरीनं बांधले तर बाज सरकायला लागली. वैद्य झाले, देवऋषी झाले. आजी, म्हणजे द्वारकाबाई, भावाच्या पायांना तेल चोळत बसायची. ती सांगायची, "बाजेवर बी त्याला चढ लागायचा गं बाई. धापा टाकायचा, घामानं निथळायचा. मग उतार लागला की पाय थांबायचे. तेवढ्यात दोन घास भरवून घ्यायचे."

निजामाचं राज्य गेलं त्याच्या दुसऱ्या महिन्यात, एका दुपारी, पाय थांबले ते थांबलेच. आजीला वाटलं, सुटला बिचारा.

"दादा, आला का आखाडा?"

उकंडरावांनी डोळे उघडले. आजी म्हणायची, तसे डोळे तिनं पुन्हा कोणाचे पाहिले नाहीत.

"न्हाई द्वारका," ते म्हणाले. "हा उतार संपतच न्हाई."

आणि गेले.

आता कोणी म्हणेल, झटका आला असेल, मेंदूचा रोग असेल. म्हणा बापहो. मलाही तसंच म्हणायचंय. पण मी पडलो त्याच रक्ताचा. गेल्या पोळ्यापासून बायको म्हणून राहिली, झोपेत तुमचे पाय हलतात. हिंगोलीच्या डॉक्टरला दाखवलं. तो म्हणाला, "काका, म्हातारपणाच्या नसा आहेत. घाबरायचं काही नाही."

मी त्याला एकच विचारलं.

"डॉक्टरसाहेब, नसांच्या आजारात चढ लागतो का हो?"